पॅरिस बदलत होते तेव्हा

इजिप्तचा वाली मुहम्मद अली पाशा याने १८२६ साली चाळीसहून अधिक तरुण शिक्षणासाठी फ्रान्सला पाठवले. परक्या मुलखात या मुलांची नमाज आणि दीन सांभाळायला एक इमाम हवा होता. अल-अझहरचे शेख हसन अल-अत्तार यांनी आपल्या एका शागिर्दाचे नाव सुचवले. रिफाआ अत-तहतावी, वय चोवीस, वरच्या इजिप्तमधल्या तहता गावचे. निघताना उस्तादांनी त्यांना सांगितले होते की जे पाहाल ते लिहून ठेवा. तहतावी इमामत करायला गेले, पण पाच वर्षे स्वतःच फ्रेंच शिकत बसले. त्यांनी जे लिहून ठेवले ते १८३४ साली बुलाकच्या सरकारी छापखान्यातून पुस्तक होऊन निघाले.

आपल्याकडे शाळेत फ्रान्सचा इतिहास १७८९ ची क्रांती आणि पहिला नेपोलियन इथे जवळजवळ संपतो. पण आपण चित्रांत पाहतो ते पॅरिस, म्हणजे रुंद सरळ रस्ते, दुतर्फा झाडे, एका उंचीच्या दगडी इमारती, हे त्यानंतर घडले. ते घडत असताना एकामागून एक मुसलमान पाहुणे तिथे आले. त्यांत इमाम होता, कैदी होता, सुलतान होता, खेदिव होता आणि इंजिनिअरही. प्रत्येकाने वेगळे पॅरिस पाहिले आणि घरी परतताना वेगळेच काही नेले.

तहतावींनी पाहिलेले पॅरिस जुने होते. अरुंद बोळ, बऱ्याच बोळांच्या मधोमध वाहणारे उघडे गटार, सीन नदीचे किंवा कारंज्यांवरचे पाणी बादल्यांतून पाचव्या मजल्यापर्यंत चढवणारे पाणके. तरीही या अझहरी तरुणाला तिथे कौतुक करण्यासारखे पुष्कळ सापडले. कॉफीघरातले मोठमोठे आरसे, वर्तमानपत्रे, कुतुबखाने, कामाची शिस्त. दीनच्या बाबतीत हे लोक केवळ अकलेवर विसंबतात, ही तक्रारही त्यांनी मोकळेपणाने नोंदवली. पण त्यांचे डोळे सर्वांत जास्त खिळले ते एका कागदावर. तो कागद म्हणजे राजा आणि रयत यांच्यातली १८१४ ची सनद. राजानेही कायद्याच्या हद्दीत राहावे, कर कुवतीप्रमाणे बसावा, कायद्यापुढे सगळे सारखे, अशी तिची कलमे. त्यांनी ती अरबीत उतरवली आणि वाचकांना सांगितले की फ्रेंच ज्याला स्वातंत्र्य म्हणतात त्यालाच आपण अदल आणि इन्साफ म्हणतो. हा खुलासा शब्दकोशातला नाही. परक्याची चांगली गोष्ट आपल्याच भाषेत ओळखता येते, हे दाखवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

सनद कागदावर होती तरी मतदानाचा हक्क मोठा कर भरणाऱ्यांनाच होता. तीन कोटींच्या देशात मतदार जेमतेम एक लाख. जुलै १८३० मध्ये राजा दहावा शार्ल याने तेवढेही सहन केले नाही. नुकतेच निवडून आलेले सभागृह बरखास्त केले, वर्तमानपत्रांवर बंदी आणली, मतदार आणखी कमी केले. त्यावर पॅरिसच्या लोकांनी रस्त्यातले दगड उपटले, गाड्या उलट्या केल्या, बॅरिकेड उभे केले. २७, २८ आणि २९ जुलै या तीन दिवसांत राजा गेला. त्याच्या जागी आलेल्या लुई फिलिपने स्वतःला फ्रान्सचा नव्हे, फ्रेंचांचा राजा म्हणवून घेतले. तहतावी तेव्हा शहरातच होते. त्यांनी हा सगळा प्रकार वाचकांपुढे मांडला, तोही मुहम्मद अलीच्या सरकारी छापखान्यातून, हे विशेष.

याच महिन्याच्या ५ तारखेला फ्रेंच सैन्याने अल्जीयर्स घेतले होते. डळमळणाऱ्या गादीला परदेशातल्या विजयाचा टेकू मिळेल, असा शार्लचा हिशेब. गादी महिनाभरही टिकली नाही. अल्जेरिया मात्र १३२ वर्षे सुटला नाही.

पॅरिस पुढे ज्या सरळ रुंद रस्त्यांसाठी गाजले, त्यांची रंगीत तालीम अल्जीयर्समध्ये झाली असे म्हटले तर फार चुकणार नाही. फौजेला कवायतीसाठी मैदान हवे म्हणून बंदराजवळची घरे आणि सय्यिदा मशीद पाडली गेली. तोफा आणि गाड्या जाव्यात म्हणून खालच्या कसब्यातले बोळ कापून रस्ते काढले. केचावा मशिदीचे १८३२ मध्ये चर्च झाले; ती पुन्हा मशीद व्हायला १९६२ उजाडावे लागले. आणि अल्जेरियात नाव कमावलेले सेनापती पुढे पॅरिसला परतले. १८४८ च्या फेब्रुवारीत लुई फिलिपही पळाला, प्रजासत्ताक आले, सर्व पुरुषांना मत मिळाले. बेकारांसाठी सरकारने कामाच्या छावण्या उघडल्या आणि जूनमध्ये त्या बंद करण्याचा हुकूम काढला. कामगार पुन्हा बॅरिकेडवर चढले. चार दिवसांत त्यांना चिरडणारा जनरल काव्हेन्याक अल्जेरियातून आला होता, आणि त्याच्या बाजूने लढलेला लामोरिसिएरही तिथलाच. गल्लीबोळातली लढाई कशी जिंकायची हे ते परक्या शहरात शिकून आले होते.

त्या वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षपदासाठी निवडणूक झाली. काव्हेन्याक हरला. सुमारे ५४ लाख मते घेऊन निवडून आला लुई नेपोलियन, पहिल्या नेपोलियनचा पुतण्या. मुदत संपत आली तेव्हा २ डिसेंबर १८५१ ला त्याने फौजेच्या जोरावर सत्ता बळकावली, हजारो विरोधकांना अल्जेरियाला हद्दपार करण्याच्या शिक्षा झाल्या, आणि बरोबर एक वर्षाने तो तिसरा नेपोलियन या नावाने सम्राट झाला.

या दोन तारखांच्या मधल्या ऑक्टोबरात त्याने एक वेगळी गोष्ट केली. अमीर अब्दुल कादिर यांनी पंधरा वर्षे फ्रेंचांशी झुंज देऊन १८४७ च्या अखेरीस शस्त्र खाली ठेवले होते. पूर्वेच्या एखाद्या मुस्लिम शहरात जाऊ देऊ, असे वचन त्यांना मिळाले होते. वचन मोडले गेले आणि ते कुटुंबकबिल्यासह कैदेत पडले, शेवटी आंब्वाज येथील किल्ल्यात. त्यांच्या सोबतचे पंचवीसच्या आसपास लोक, त्यांत बायका-मुलेही, तिथल्याच बागेत दफन आहेत. लुई नेपोलियन स्वतः तिथे गेला आणि त्याने त्यांची सुटका केली. सुटल्यावर अमीर पॅरिसला आले, पुढे १८५५ च्या औद्योगिक प्रदर्शनालाही आले. पुन्हा फ्रान्सविरुद्ध लढणार नाही हा शब्द त्यांनी अखेरपर्यंत पाळला. दिलेला शब्द कोणी पाळला आणि कोणी मोडला, हे वाचकांनी पाहावे. १८६० मध्ये दमास्कसला दंगल उसळली तेव्हा याच अमीरांनी हजारो ख्रिश्चनांना आश्रय देऊन वाचवले.

नव्या सम्राटाला पॅरिस नवे करायचे होते. कारणे खरी होती. १८३२ च्या पटकीने शहरात अठरा हजारांहून अधिक माणसे गेली, पंतप्रधानही सुटला नाही. १८४९ मध्ये पुन्हा तेच झाले. शतकाच्या सुरुवातीला साडेपाच लाखांचे असलेले शहर अर्ध्या शतकात दहा लाखांवर गेले होते, पण बोळ तेवढेच होते. १८५३ च्या जूनमध्ये सम्राटाने या कामावर माणूस नेमला जॉर्ज-यूजेन हाउसमान. फ्रेंच उच्चार ओस्मान. आपल्या उस्मानशी त्याचा काही संबंध नाही, घराणे अल्सेसकडचे प्रोटेस्टंट. पद प्रीफेक्टचे, म्हणजे कलेक्टर आणि महापालिका आयुक्त एकाच खुर्चीत, आणि त्या खुर्चीला निवडून आलेल्या नगरसेवकांचा त्रास नाही. पहिल्याच भेटीत सम्राटाने त्याच्या हातात रंगीत रेषा काढलेला नकाशा ठेवला.

पुढची सतरा वर्षे त्या रेषा घरांवरून फिरत राहिल्या. सक्तीचे भूसंपादन, पाडकाम, मग रस्ता. सेबास्तोपोल बुलेवार १८५८ मध्ये खुला झाला. जुन्या दंगलींचा मोहल्ला यामुळे पोटातून फाडला गेला, हे ओस्माननेच समाधानाने लिहून ठेवले आहे. नोत्र दाम चर्चभोवतीच्या बेटावर सुमारे पंधरा हजार माणसे राहत. तिथे पाचेक हजार उरली, बाकी जागेवर कचेऱ्या, बराकी आणि इस्पितळ आले. रस्ते फौजेसाठी रुंद केले की हवा-उजेडासाठी, हा वाद तेव्हापासून चालू आहे. माझ्या मते दोन्ही खरे आहे, आणि तिसरे कारण होते रेल्वे. नव्या स्टेशनांतून उतरणारा माल आणि माणसे शहरात शिरायला वाट हवी होती. १८५१ मध्ये फ्रान्सभर साडेतीन हजार किलोमीटर रूळ होते, १८७० पर्यंत ते सतरा हजारांच्या पुढे गेले.

जमिनीखालचे काम वरच्यापेक्षा मोठे होते. बेलग्रां नावाच्या इंजिनिअरने दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेली भुयारी गटारे पाचशेच्या पुढे नेली. दुईस नदीच्या झऱ्यांचे स्वच्छ पाणी १३१ किलोमीटरच्या कालव्याने १८६५ मध्ये शहरात आले. रस्ते धुवायला नदीचे पाणी वेगळे, प्यायला झऱ्याचे वेगळे. गंमत अशी की या भव्य गटारांत मैला सोडायला तेव्हा परवानगी नव्हती. घरोघरच्या खड्ड्यांतून तो रात्री गाड्यांनीच नेला जाई. मैलासुद्धा गटारात सोडण्याचा कायदा व्हायला १८९४ साल उजाडले. वरच्या मजल्यांवरच्या गरिबांच्या घरात नळही लगेच आला नाही.

हे शहर बांधले कोणी? क्रूझसारख्या मागास जिल्ह्यांतल्या गवंड्यांनी. वसंतात गावातून चालत किंवा पुढे रेल्वेने यायचे, एका खोलीत दहा-बारा जणांनी झोपायचे, थंडीत कमाई घेऊन परत. गावी शेत आणि मुले बायकांच्या अंगावर. कोकणातल्या आपल्या वाचकांना, ज्यांच्या घरातून दोन-तीन पिढ्या आधी मुंबईला आणि मग आखाताला माणसे गेली, हे चित्र समजावून सांगायला नको. यातलाच एक गवंडी, मार्तां नादो, १८४९ मध्ये लोकसभेवर निवडून गेला. १८५१ च्या बंडानंतर त्याला देशाबाहेर काढले गेले.

घरमालकांना भरपाई चांगली मिळाली, अनेकांना अव्वाच्या सव्वा. भाडेकरूंच्या हाती फारसे काही पडले नाही. नव्या इमारतींतले भाडे परवडेना म्हणून कामगार पूर्वेला बेलव्हिल, मेनिलमोंतांकडे सरकले. १८६० मध्ये ही उपनगरे शहराला जोडली गेली, बारा प्रभागांचे वीस झाले, आणि तिथे शहराची जकात लागू झाली (आपल्या दीनमधली जकात नव्हे, नाक्यावरची). एक गरिबांना देण्यासाठी, दुसरी गरिबांच्या दारू-इंधन-अन्नावरून घेण्यासाठी; शब्द तेवढा एक.

आता पैसा. सगळा खर्च अडीच अब्ज फ्रँकच्या आसपास गेला. ओस्मानचे गणित असे: आज कर्ज काढा, रस्ते करा, रस्त्यांमुळे व्यापार वाढेल, व्यापारामुळे कर वाढेल, करातून कर्ज फिटेल. पेरेर बंधूंनी १८५२ मध्ये क्रेदी मोबिलिए ही बँक काढली होती. लोकांकडून ठेवी आणि शेअर घ्यायचे आणि ते रेल्वे, जमिनी, गॅस, हॉटेलांत घालायचे, हा तिचा धंदा. संसदेची परवानगी लागू नये म्हणून ओस्मान कंत्राटदारांच्या नावाने रोखे काढू लागला. म्हणजे कर्ज शहराचे, पण शहराच्या वहीत नाही. ज्यूल फेरी नावाच्या तरुण वकिलाने हे हिशेब वर्तमानपत्रात फोडले. क्रेदी मोबिलिए १८६७ मध्ये बुडाली. ओस्मानला १८७० च्या जानेवारीत जावे लागले.

पण १८६७ चा उन्हाळा वरून तरी लखलखीत होता. शां द मार्स मैदानावर जागतिक प्रदर्शन भरले होते. पाण्याच्या दाबावर वर जाणारी लिफ्ट, यंत्रे, रेशीम, आणि प्रशियाच्या क्रुप कंपनीची पन्नास टनी तोफ. सुलतान अब्दुल अझीझ पॅरिसला आले. लढाईसाठी नव्हे तर पाहुणा म्हणून पश्चिम युरोपात आलेले ते पहिले उस्मानी सुलतान. त्यांच्याकडून त्याच जूनमध्ये खेदिव हा किताब मिळवलेला इजिप्तचा इस्माईलही हजर होता. त्याने लहानपणी इथेच शिक्षण घेतलेले. इजिप्तच्या दालनात प्राचीन मंदिराची प्रतिकृती होती, सराय होती, आणि काम करून दाखवणारे इजिप्ती कारागीरही आणले होते.

याच दिवसांत अल्जेरियात दुष्काळ, टोळधाड आणि पटकी होती. १८६६ ते १८६८ मध्ये तिथे लाखो लोक गेले. दोन वर्षांपूर्वी, १८६५ च्या कायद्याने तिथल्या मुसलमानांना फ्रेंच प्रजा ठरवले होते; पण नागरिक व्हायचे तर निकाह, तलाक, वारसा यांचा शरई कायदा सोडण्याची अट होती. ती मान्य करणारे अगदी तुरळक निघाले. प्रदर्शनात अल्जेरियाचेही दालन होते.

इस्माईलबरोबर एकाच तुकडीत फ्रान्सला शिकलेले एक गृहस्थ त्या हिवाळ्यात पैशांच्या आणि शिक्षणाच्या कामासाठी पॅरिसला आले. अली मुबारक, नाईलच्या मुखाजवळच्या खेड्यातून वर आलेले इंजिनिअर. दिवाणखान्यांपेक्षा त्यांनी शाळा पाहिल्या आणि गटारांत उतरून ती कशी चालतात ते समजून घेतले. परतल्यावर शिक्षण आणि बांधकाम ही दोन्ही खाती त्यांच्याकडे आली. १८७० मध्ये कैरोला सार्वजनिक कुतुबखाना उभा राहिला.

इस्माईलला घाई होती. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा उघडायचा होता, युरोपचे राजेराण्या येणार होते. ओस्मानचाच बागमास्तर बारिए-देशां याच्याकडून अजबकियाची बाग करून घेतली, नवा इस्माईलिया मोहल्ला आखला, ऑपेरा बांधला. पैसा? अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्याच भावाने मुंबईत शेअरबाजाराला वेड लावले आणि १८६५ मध्ये शेकडो घरे बुडवली. त्याच वर्षांत मुंबईच्या कोटाच्या भिंती पडून शहर मोकळे झाले. कैरोने कापूस पडल्यावर कर्ज काढले. कालव्याच्या कंपनीशी तंटा झाला तेव्हा लवाद म्हणून बसला तिसरा नेपोलियन, आणि १८६४ मध्ये त्याने इजिप्तवर ८ कोटी ४० लाख फ्रँकचा भार टाकला. १८७३ चे कर्ज कागदावर ३ कोटी २० लाख पौंडांचे होते, मिळाले सुमारे २ कोटी, त्यातलेही बरेचसे भाव उतरलेल्या रोख्यांत. व्याज मात्र पूर्ण ३ कोटी २० लाखांवर. १८७५ मध्ये कालव्याचे शेअर इंग्लंडला विकले, १८७६ मध्ये तिजोरीच्या किल्ल्या परक्या सावकारांच्या मंडळाकडे गेल्या, १८७९ मध्ये इस्माईल पदच्युत झाला, १८८२ मध्ये इंग्रज फौज उतरली.

पॅरिसही उधारीवरच उभे राहिले, मग ते का बुडाले नाही? एक तर त्याचे सावकार घरचेच होते. दुसरे, फेरीसारखा कोणी हिशेब विचारू शकत होता आणि संसदेला उत्तर द्यावे लागत होते. तहतावींनी सनदेत पाहिले होते ते नेमके हेच, आणि त्याची नक्कल बागमास्तर आणून होत नव्हती. अर्थात पॅरिसही सुखरूप राहिले असे नाही. सप्टेंबर १८७० मध्ये सेदांच्या लढाईत सम्राट प्रशियाच्या हाती सापडला, पुढच्या वसंतात पॅरिसच्या कामगारांनी कम्यूनचे राज्य पुकारले. शहराबाहेर ढकललेल्या बेलव्हिल-मेनिलमोंतांत ते शेवटपर्यंत लढले. मे महिन्याच्या एका आठवड्यात फ्रेंच फौजेने हजारो फ्रेंचांना गोळ्या घातल्या. त्याच मार्चमध्ये अल्जेरियात मुकरानी यांनी उठाव केला होता. दोन्ही बंडांतले कैदी प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर हद्दपार होऊन शेजारी शेजारी राहिले.

इस्माईलच्या बाबतीत न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्याच्या काळात शाळा वाढल्या. त्याच्या एका बेगमेने १८७३ मध्ये कैरोत मुलींची शाळा काढली. मुलगे आणि मुली दोघांच्या तालीमीवर तहतावींचे पुस्तकही त्याच सुमारास आले. हे तहतावी म्हणजे ज्यांनी निकाहानंतर पत्नीला लिहून दिले होते की तू असेपर्यंत दुसरी बायको करणार नाही. १८७३ च्या मे महिन्यात त्यांचा इंतकाल झाला. तिसरा नेपोलियन त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून वारला होता.

अली मुबारक पुढे वीस वर्षे जगले. इंग्रज आल्यानंतर त्यांनी कैरो आणि इजिप्तचे वर्णन वीस खंडांत छापले, गल्लीगल्लीने, मशिदी-मशिदीने. जुन्या कैरोतून सरळ कापून काढलेला मुहम्मद अली रस्ता त्यांच्याच काळातला. त्या रस्त्यासाठी काय पाडले, याचीही नोंद त्यांच्या पुस्तकात आहे: सुमारे ४०० मोठी घरे, ३०० लहान घरे, पिठाच्या गिरण्या, भटारखाने, हमाम आणि मशिदी.